लहान ग्रामीण ऑनलाइन शाळेचा पट कसा वाचावा : अमेरिकेतील मराठी पालकांसाठी

अमेरिकेतील मराठी कुटुंबे फक्त न्यू जर्सी, बे एरिया किंवा शिकागोच्या उपनगरांत राहतात, असे आता म्हणता येत नाही. जे-१ व्हिसावर वैद्यकीय प्रशिक्षण पूर्ण केलेल्या डॉक्टरला दोन वर्षे मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट हवी असेल, तर कॉनरॅड-३० योजनेखाली डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते, आणि असे भाग पुष्कळदा आडगावीच असतात. पुण्यातील कमिन्समधून इंडियानातील कोलंबस या गावी बदलून जाणाऱ्या अभियंत्यांची वाटही आता जुनी झाली आहे. अशा ठिकाणी जवळची शाळा एकच असते, तिच्यात वरच्या इयत्तांना हवे ते विषय नसतात किंवा बसचा प्रवासच तासाभराचा असतो, आणि मग कोणीतरी शेजारच्या तालुकावजा काउंटीतील सरकारी ऑनलाइन शाळा सुचवते. शाळेचे नाव शोधले की एक तक्ता समोर येतो : ग्रामीण, विद्यार्थी ६८, शिक्षक ३, श्वेतवर्णीय इतके टक्के, आशियाई इतके टक्के. शाळेविषयी पहिले मत बहुतेक पालक याच तक्त्यावरून बनवतात. त्यातील प्रत्येक आकडा कोठून येतो, तो काय सांगतो व काय सांगत नाही, आणि प्रवेशाआधी शाळेला कोणते प्रश्न विचारावेत, हे पुढे दिले आहे.

‘ग्रामीण’ हा शिक्का पत्त्याचा असतो

अमेरिकेतील सर्व सरकारी शाळांची माहिती राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्र दरवर्षी राज्यांकडून गोळा करते आणि प्रत्येक शाळेला तिच्या पत्त्यावरून शहर, उपनगर, नगर किंवा ग्रामीण असा वर्ग देते. ग्रामीण वर्गाचे पुन्हा तीन भाग आहेत : शहरालगतचा, दूरचा आणि अतिदूरचा. मोठ्या शहरी क्षेत्रापासून २५ मैलांहून आणि लहान शहरी वस्तीपासून १० मैलांहून अधिक अंतरावर असलेली शाळा अतिदूर गणली जाते. गावातल्या शाळेच्या बाबतीत या वर्गावरून पुष्कळ काही कळते, कारण तेथे शाळेचा पत्ता आणि मुलांचे पत्ते एकाच परिसरातले असतात. ऑनलाइन शाळेत हा संबंध तुटतो, कारण तो पत्ता तिच्या कार्यालयाचा असतो आणि मुले राज्यात कोठेही असू शकतात.

कोलोरॅडोच्या आग्नेय भागात, न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळ ब्रॅन्सन नावाचे गाव आहे. गावची लोकसंख्या शंभराच्याही आत असली, तरी तेथील शाळा-जिल्ह्याने (म्हणजे त्या परिसरातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने; पुढे ‘जिल्हा’ याच अर्थाने आहे) २००१ मध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन शाळेत गावच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट मुले शिकली. टेनेसीतील युनियन काउंटी या ग्रामीण जिल्ह्याने २०११ मध्ये एका खासगी कंपनीच्या साहाय्याने उघडलेल्या ऑनलाइन शाळेत राज्यभरातून मुले दाखल झाली. लहान जिल्हे हे का करतात, हे समजण्यास कठीण नाही. राज्याचा निधी विद्यार्थ्यामागे येतो, गावातला पट दरवर्षी घटत असतो, आणि बाहेरची मुले पटावर आली की बस, स्वयंपाकघर व तालमीच्या शिक्षकाचा पगार निघतो. यात गैर काही नाही, पण शाळा कोणासाठी चालते आहे याचा अंदाज पालकांना असावा.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की एकूण विद्यार्थ्यांपैकी जिल्ह्यातले किती आणि बाहेरचे किती. उत्तर ‘जवळजवळ सगळे आपल्याच जिल्ह्यातले’ असे आले, तर शाळा खरोखर स्थानिक आहे आणि मुलांची प्रत्यक्ष गाठभेट, सहल, गावच्या संघातून खेळणे या गोष्टी शक्य आहेत. ‘बहुतेक बाहेरचे’ असे आले, तर तक्त्यातील टक्केवारीचा तुमच्या गावाशी काही संबंध नाही आणि ती राज्याच्या टक्केवारीशी ताडून पाहावी. दुसरा प्रश्न तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या परवानगीचा. ओरेगॉनमध्ये एखाद्या जिल्ह्यातील ३ टक्क्यांहून अधिक मुले बाहेरच्या ऑनलाइन चार्टर शाळांत (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाने चालणाऱ्या शाळांत) गेलेली असतील, तर तो जिल्हा पुढच्या मुलाला परवानगी नाकारू शकतो. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, पण परवानगी लागते का आणि तिची मुदत कधी संपते, हे सर्वत्र आधीच विचारून घ्यावे.

पटसंख्या : कोणत्या दिवसाची, कोणाची

राष्ट्रीय आकडेवारीत दिसणारी पटसंख्या साधारणपणे १ ऑक्टोबरच्या सुमारास पटावर असलेल्या मुलांची असते. महाराष्ट्रात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये झालेली पटपडताळणी ज्यांना आठवते, त्यांना एका ठरावीक दिवशी मोजलेला पट आणि वर्षभर वर्गात बसणारी मुले यांतील फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. येथे मुद्दा खोट्या पटाचा नसून येण्याजाण्याचा आहे. ऑनलाइन शाळेत मुले वर्षाच्या मध्यावर मोठ्या संख्येने येतात आणि जातात : कोणी आजारपणापुरते येते, कोणी जुन्या शाळेतील छळाला कंटाळून डिसेंबरात येते, कोणाला सहा आठवड्यांत कळते की घरी बसून एकट्याने शिकणे आपल्याला जमणारे नाही. ऑक्टोबरातले ६८ आणि मे महिन्यातले ६८ ही निम्मी वेगळी मुलेही असू शकतात.

शाळेच्या कार्यालयाला म्हणूनच एक आकडा न विचारता चार आकडे विचारावेत : गेल्या वर्षीचा ऑक्टोबरचा पट, जानेवारीचा पट, वर्षअखेरचा पट, आणि ऑक्टोबरात असलेल्यांपैकी वर्षअखेरपर्यंत टिकलेली मुले. चौथा आकडा सर्वांत मोलाचा आहे आणि तो तक्त्यात कधीच नसतो. लहान शाळेत तो काढायला कारकुनाला अर्धा तासही लागत नाही, त्यामुळे टाळाटाळ झाली तर तिचीही नोंद घ्यावी.

याच ठिकाणी शाळेचा प्रकारही तपासून घ्यावा. राष्ट्रीय आकडेवारीत शाळांची ऑनलाइन शिक्षणावरून चार वर्गांत विभागणी केलेली असते : पूर्णतः ऑनलाइन, मुख्यतः ऑनलाइन, पूरक ऑनलाइन आणि ऑनलाइन नसलेली. राज्य पातळीवरच्या काही संस्था फक्त पूरक काम करतात. माँटाना विद्यापीठातून चालणारी माँटाना डिजिटल अकॅडमी ही त्यातली एक. तेथे मूल आपल्या गावच्या शाळेच्या पटावरच राहते आणि एखादा विषय ऑनलाइन घेते. अशा संस्था आपला आकार विषयवार नोंदण्यांत सांगतात, म्हणजे दोन विषय घेणारे एक मूल दोनदा मोजले जाते. दोन शाळांची तुलना करताना एकीकडे मुले आणि दुसरीकडे विषय-नोंदण्या तर नाहीत ना, हे पाहावे. माझे मत विचाराल, तर गावच्या शाळेत कॅल्क्युलस नाही एवढीच अडचण असेल, तेव्हा मुलाला पूर्णवेळ ऑनलाइन शाळेत घालण्यापेक्षा हा पूरक मार्ग आधी धुंडाळावा.

इयत्तावार पट मागायला विसरू नये. ६८ मुले बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या तेरा इयत्तांत पसरली, तर एका इयत्तेत सरासरी पाचच येतात, आणि प्रत्यक्षात ऑनलाइन शाळांची गर्दी वरच्या इयत्तांत असल्यामुळे तिसरीत एकच मूल असणे सहज शक्य आहे. शिक्षकांचा आकडाही तसाच फसवा असतो. तो पूर्णवेळ पदांच्या हिशेबात दिलेला असतो, आणि शिकवणारे शिक्षक एखाद्या कंपनीचे असतील किंवा जिल्ह्याच्या दुसऱ्या शाळेच्या नावावर असतील, तर ते यात दिसतच नाहीत. ‘३ शिक्षक’ याचा अर्थ तिघे सर्व विषय शिकवतात असाही होतो आणि तिघे फक्त देखरेख करतात व शिकवणे दुसरीकडून येते असाही होतो. गणिताचा शिक्षक कोण, त्याला या राज्याचा परवाना आहे का आणि आठवड्यातून किती तास तो थेट पडद्यावर असतो, हे नाव घेऊन विचारावे.

विविधतेचे रकाने

सध्याच्या शालेय आकडेवारीत सात रकाने असतात : अमेरिकन इंडियन किंवा अलास्काचे मूलनिवासी, आशियाई, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, हवाई व इतर पॅसिफिक बेटांवरील मूळ रहिवासी, श्वेतवर्णीय, आणि दोन किंवा अधिक वंश. ही पद्धत शिक्षण खात्याच्या २००७ च्या मार्गदर्शनातून आली. तिच्यात आधी हिस्पॅनिक आहात का, हे विचारले जाते आणि उत्तर ‘हो’ असेल तर मूल त्याच रकान्यात जाते, मग वंश कोणताही असो. भारतीय मुले आशियाई रकान्यात मोजली जातात. नव्याने आलेले आजीआजोबा किंवा घाईत असलेले पालक ‘अमेरिकन इंडियन’ या चौकटीवर खूण करतात, तसे होऊ देऊ नये, कारण ती चौकट येथील आदिवासी जमातींसाठी आहे. प्रश्न कोरा सोडल्यास शाळेचा कर्मचारी पाहून अंदाजाने खूण करू शकतो, तशी त्याला मुभा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने ही वर्गवारी बदलून दोन प्रश्नांचा एक प्रश्न केला आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा नवा वर्ग जोडला. तो बदल शाळांपर्यंत टप्प्याटप्प्याने येईल, म्हणून पुढील काही वर्षांत जुन्या व नव्या आकड्यांची तुलना जपून करावी.

शाळांची माहिती देणारी अनेक संकेतस्थळे या सात रकान्यांतून ‘विविधता निर्देशांक’ काढतात. त्याची रीत सोपी आहे : प्रत्येक गटाच्या हिश्शाचा वर्ग करायचा, सर्व वर्गांची बेरीज करायची आणि ती १ मधून वजा करायची. आलेली संख्या म्हणजे यदृच्छेने निवडलेली दोन मुले वेगवेगळ्या गटांतील असण्याची शक्यता. लहान शाळेत हा निर्देशांक किती हलका असतो, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. शाळेत ४० मुले आहेत : ३४ श्वेतवर्णीय, ३ हिस्पॅनिक, २ दोन वंशांची आणि १ आशियाई. निर्देशांक येतो ०.२७. आता तुमची दोन मुले दाखल झाली, पट ४२ झाला आणि आशियाई ३ झाले. निर्देशांक ०.३३ वर गेला. एका घराने शाळा कागदावर इतकी बदलली आणि तुम्ही तीन वर्षांनी दुसरीकडे गेलात की ती पुन्हा पूर्ववत होईल. म्हणून शंभराच्या आतील पटाच्या शाळेत टक्केवारी व निर्देशांक बाजूला ठेवून प्रत्यक्ष मुलांची संख्या पाहावी आणि तीही निदान तीन-चार वर्षांची ओळीने पाहावी.

कधी रकान्यात आकड्याऐवजी तारांकन किंवा रेघ दिसते. मुलांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी, विशेषतः राज्ये शाळांची जी प्रगतिपत्रके काढतात त्यांत, ठरावीक संख्येपेक्षा लहान गटांचे निकाल झाकले जातात. ही मर्यादा राज्य ठरवते आणि बहुतेक ठिकाणी ती १० ते ३० च्या दरम्यान आहे. तारांकन म्हणजे शून्य नव्हे. लहान ग्रामीण शाळेत तुमच्या मुलाचा गट जवळजवळ नेहमी झाकलेलाच असणार, म्हणून ‘आशियाई मुलांचा गणिताचा निकाल’ असले काही तेथे शोधण्यात अर्थ नाही.

गरिबीचा रकाना सर्वांत जास्त चकवतो. मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र मुलांची संख्या हे येथील गरिबीचे नेहमीचे माप आहे : कुटुंबाचे उत्पन्न केंद्राने ठरवलेल्या दारिद्र्य मर्यादेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. पूर्णतः ऑनलाइन शाळा सहसा जेवण देत नाही, त्यामुळे पुष्कळदा अर्ज भरून घेतले जात नाहीत आणि रकान्यात शून्य किंवा रिकामी जागा दिसते. त्यावरून ‘येथे सगळी सुखवस्तू घरची मुले आहेत’ असा निष्कर्ष काढू नये. राज्याने इतर मदत-योजनांच्या यादीवरून थेट प्रमाणित केलेल्या मुलांचा आकडा वेगळा असतो, तो मागावा.

जी विविधता मुलाला रोज जाणवेल, ती मात्र कोणत्याच रकान्यात नसते. अशा शाळेत रँचवर काम करणारा मुलगा, स्पर्धांसाठी फिरणारी जिम्नॅस्ट, दीर्घ आजारातून उठणारे मूल, धार्मिक कारणाने घरी शिकणारी भावंडे आणि लहान बाळ सांभाळत बारावी पुरी करणारी मुलगी एकाच वर्गाच्या यादीत असतात. पण कॅमेरे बंद असले आणि धडे ध्वनिमुद्रित असले, तर ती एकमेकांना कधी भेटतच नाहीत. म्हणून थेट वर्ग किती, कॅमेरा सुरू ठेवण्याचा नियम काय आणि महिन्यातून एकदा तरी मुले प्रत्यक्ष जमतात का, हे विचारणे निर्देशांक पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. एखाद्या थेट तासाला बसून पाहण्याची परवानगी मागावी. तासाच्या शेवटी किती मुलांनी स्वतःहून तोंड उघडले, ते मोजावे.

निकालांबाबत एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रेडो या संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ऑनलाइन चार्टर शाळांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तेथील मुले तशाच पार्श्वभूमीच्या इतर सरकारी शाळांतील मुलांपेक्षा वर्षाला वाचनात ७२ आणि गणितात १८० शालेय दिवसांइतकी मागे पडत असल्याचे आढळले. प्रत्येक शाळेला हे लागू होत नाही, पण सिद्ध करण्याची जबाबदारी शाळेवर आहे एवढे त्यातून निश्चित होते. लहान शाळेचा पदवी-दर (बारावी पूर्ण करणाऱ्या मुलांचे प्रमाण) पाहताना मात्र घाई करू नये : बारावीच्या गटात आठच मुले असतील, तर एका मुलाने दर साडेबारा टक्क्यांनी खाली-वर होतो.

प्रवेश घेताना

कागदपत्रे नेहमीचीच लागतात : वयाचा पुरावा, राज्यातील रहिवासाचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि आधीच्या शाळेची गुणपत्रके. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालानंतर सरकारी शाळा मुलाचा किंवा पालकांचा इमिग्रेशनचा दर्जा प्रवेशाची अट करू शकत नाही. व्हिसाची प्रत मागितली गेल्यास ती कशासाठी हवी, हे लेखी विचारावे. लसींच्या बाबतीत भारतातील नोंदवहीत कांजिण्यांची लस किंवा गोवर-गालगुंड-रुबेलाचा दुसरा डोस नसणे ही नेहमीची अडचण असते. ऑनलाइन शाळेला लसीकरणाचा नियम लागू आहे का, हे राज्यावर अवलंबून आहे.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. पासपोर्टवर मुलाच्या नावाला वडिलांचे नाव जोडलेले असते, जुन्या शाळेत ते मधले नाव म्हणून गेलेले असते आणि भारतातील दाखल्यावर आडनाव आधी असते. अशी तीन रूपे तीन कागदांवर असली की राज्याच्या प्रणालीत एकाच मुलाच्या दोन ओळख-क्रमांकांच्या नोंदी तयार होऊ शकतात आणि जुने गुण नव्या नोंदीला जोडले जात नाहीत. आधीच्या शाळेकडून राज्याचा विद्यार्थी-क्रमांक मागून घ्यावा आणि अर्जावर तोच लिहावा.

घरी कोणती भाषा बोलली जाते, या प्रश्नाला अनेक पालक ‘इंग्रजी’ असे लिहून मोकळे होतात. मराठी लिहिले तर मुलाला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात टाकतील, ही त्यामागची भीती. तसे आपोआप होत नाही. मराठी लिहिल्यास मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते, ती उत्तीर्ण झाल्यास विषय तेथेच संपतो. न झाल्यास मदतीचे तास मिळतात, ते नाकारण्याचा हक्क पालकांना आहे, पण नाकारले तरी दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा चुकत नाही. जे खरे आहे तेच लिहावे, विशेषतः मूल नुकतेच भारतातून आलेले असेल तर. लहान शाळेत असे मूल एकटेच असण्याचा संभव असतो, म्हणून इंग्रजीचे मदतीचे शिक्षक शाळेत आहेत की जिल्ह्याकडून उसने येतात, हेही विचारावे. मुलाला विशेष गरजा असतील तर हाच प्रश्न अधिक नेटाने विचारावा : वाचा-उपचार किंवा तत्सम सेवा पडद्यावरून मिळतील की कोणी प्रत्यक्ष येईल, आणि येणार असेल तर किती मैलांवरून.

इंटरनेटची चाचणी घरी दोनदा घ्यावी, एकदा शाळेच्या वेळेत आणि एकदा संध्याकाळी सर्वजण घरी असताना. केंद्रीय दूरसंचार आयोगाने २०२४ मध्ये ब्रॉडबँडची किमान पात्रता उतरण (डाउनलोड) १०० व चढण (अपलोड) २० मेगाबिट प्रतिसेकंद अशी ठरवली, आणि दोन मुले एकाच वेळी थेट वर्गात बसणार असतील तर चढणीचा वेगच आधी कमी पडतो. घरगुती जोडणीसाठी सवलत देणारी केंद्रीय योजना २०२४ मध्ये बंद झाली, म्हणून शाळा संगणक व इंटरनेटचा खर्च देते का, हे लेखी घ्यावे.

राज्याच्या वार्षिक परीक्षा अनेक ठिकाणी प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. केंद्र किती दूर आहे आणि परीक्षा किती दिवसांत विभागलेली आहे, हे आधी पाहावे, नाहीतर एप्रिलमध्ये सुट्ट्या टाकून मोटेलात राहण्याची वेळ येते. भारतभेटीचेही तसेच. शाळा ऑनलाइन आहे म्हणजे साताऱ्याहून दोन महिने हजेरी लावता येईल, असे गृहीत धरू नये. कित्येक शाळांत मूल राज्यात हजर असणे ही पटावर राहण्याची अट असते, आणि थेट तास असले तर पूर्व किनाऱ्यावरची सकाळ ही भारतातली संध्याकाळ असते. परवानगी तोंडी न घेता ईमेलवर घ्यावी.

आणि जुन्या शाळेतून नाव काढण्याची घाई करू नये. नव्या शाळेकडून सुरुवातीची तारीख, शिक्षकाचे नाव आणि लॉगिन हातात आल्यावरच जुन्या शाळेला कळवावे, व तेथून नाव काढल्याची लेखी पोच घ्यावी. दोन्हींच्या मध्ये आठवडा गेला तर तेवढे दिवस मूल कोणाच्याच पटावर नसते, आणि गैरहजेरीचे पत्र जुना जिल्हा पालकांच्या पत्त्यावर पाठवतो.